डॉ. जॉन विल्सन : धर्मप्रचारक ते कुलगुरू

मुंबईच्या गिरगाव चौपाटीसमोर विल्सन कॉलेजची दगडी इमारत १८८९ सालापासून समुद्राकडे तोंड करून उभी आहे. त्या रस्त्याने गेलेल्या बहुतेकांनी ती पाहिली असेल. परंतु हे विल्सन कोण, असा प्रश्न केला तर उत्तर देणारे थोडेच निघतील. कोणी इंग्रज गव्हर्नर असावेत, असा तर्क पुष्कळजण करतात. वस्तुतः ते ना गव्हर्नर होते, ना इंग्रज. ते स्कॉटलंडमध्ये जन्मलेले प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मप्रचारक होते, मराठीचे पंडित होते आणि १८६८ साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले होते.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, तळेगाव, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या आम्हा कॅथलिक कुटुंबांनी एका स्कॉटिश प्रॉटेस्टंट मिशनऱ्याचे चरित्र का वाचावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि त्यामागून एकेक उद्योग येत गेला. त्यांच्या भोंग्याला ओ देत वसई, नगर, गोवा, मंगळूर, केरळ अशा नाना ठिकाणांहून आमचे वाडवडील येथे आले. स्वतः यंत्रावर उभे राहिलेल्या या पिढीचे एकच स्वप्न होते. मुलांनी शिकावे, पदवीधर व्हावे. आज आमची मुले ज्या पुणे विद्यापीठाची पदवी घेतात, ते १९४९ साली सुरू झाले. तोपर्यंत पुण्याची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्याच छत्राखाली होती. त्या मूळ वृक्षाला ज्यांनी पाणी घातले त्यांत विल्सन यांचे नाव अग्रभागी आहे. आमच्या पदवीची वंशावळ शोधीत गेलो तर त्यांच्यापाशी थांबावेच लागते.

लॉडर ते हर्णै

जॉन विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेवरील लॉडर या लहानशा गावी झाला. घराणे शेतकऱ्यांचे; वडील अँड्र्यू विल्सन गावच्या नगरसभेचे अनेक वर्षे सभासद होते. सात भावंडांत जॉन थोरले. घरात बायबलचे वाचन आणि प्रार्थना नित्याची. स्कॉटलंडमध्ये त्या काळी प्रत्येक धर्मग्रामाला जोडून शाळा असे आणि गरिबाचा हुशार मुलगाही विद्यापीठापर्यंत पोहोचू शके. जॉन चौदाव्या वर्षी एडिंबरो विद्यापीठात दाखल झाले. शिक्षण ही श्रीमंतांची मिरास नव्हे, हा धडा त्यांना ग्रंथांतून शिकावा लागला नाही. तो त्यांनी स्वतः अनुभवला होता.

जून १८२८ मध्ये त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. ऑगस्टमध्ये मार्गारेट बेन या विदुषीशी त्यांचा विवाह झाला आणि लगेच हे दांपत्य स्कॉटिश मिशनरी सोसायटीच्या वतीने हिंदुस्थानकडे निघाले. फेब्रुवारी १८२९ मध्ये ते मुंबईला उतरले. मुंबईत थांबून दुभाष्यामार्फत उपदेश करण्याचा सोपा मार्ग त्यांच्यापुढे होता. तो त्यांनी पत्करला नाही. दोघेही कोकणात बाणकोट व हर्णै येथे गेले आणि लोकांच्या तोंडची मराठी शिकू लागले. वर्ष संपण्यापूर्वी विल्सन मुंबईस परतले ते मराठीत बोलू लागूनच.

येथे आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. १६१६ साली 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध करणारे हे येशूसंघीय धर्मगुरूही परदेशातूनच आले होते. दोघांच्यामध्ये दोनशे वर्षांचे आणि एका धर्मफुटीचे अंतर आहे. तरीही परक्याच्या देशात बोलायचे तर आधी त्याची भाषा मनापासून शिकली पाहिजे, ही जाणीव दोघांची सारखीच होती.

मार्गारेट विल्सन

चरित्रग्रंथांत पतीच्या कर्तृत्वाखाली पत्नीचे कार्य झाकले जाते. मार्गारेट यांच्या बाबतीत तसे होऊ नये. त्यांनी मुंबईत आल्यावर थोड्याच अवधीत मुलींसाठी शाळा काढल्या. मुलगी शिकली तर घरावर संकट येते, असे मानले जाण्याचा तो काळ होता. सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात अध्यापनास आरंभ केला तो १८४८ साली; त्यापूर्वी जवळजवळ दोन दशके मार्गारेटबाई मुंबईच्या मुलींना मराठी अक्षरे शिकवीत होत्या. त्यांनी मराठीचा कसून अभ्यास केला आणि त्या भाषेत अनुवादही केले. पती प्रवासाला गेले म्हणजे मिशनचा आणि शाळांचा सारा भार त्यांच्यावर असे.

१८३५ च्या एप्रिल महिन्यात त्यांचे मुंबईतच निधन झाले. वय चाळीसही नव्हते. मागे राहिलेल्या मुलांपैकी अँड्र्यू त्या वेळी अवघा चार वर्षांचा होता. पुढे तो लेखक व प्रवासी म्हणून नावारूपास आला. दोन वर्षांनी मार्गारेट यांच्या दोन बहिणी, ॲना आणि हे, स्कॉटलंड सोडून मुंबईला आल्या आणि त्यांनी थोरल्या बहिणीच्या शाळा पुढे चालविल्या. त्या दोघींचाही अंत याच भूमीत झाला. एका घरातील तीन बहिणींनी परमुलखातील मुलींसाठी देह ठेवावा, ही गोष्ट साधी नव्हे. आमच्या धर्मभगिनींच्या मठांतून अशा कितीतरी जीवनकथा अनाम राहिल्या आहेत. मार्गारेटबाईंची कथा वाचताना त्यांचीही आठवण होते.

शाळा आणि वादळ

१८३२ साली विल्सन यांनी मुंबईत आंबरोळी येथे इंग्रजी शाळा उघडली. तीच पुढे वाढत जाऊन विल्सन कॉलेज झाली. इंग्रजी शिकवीत असतानाही त्यांनी मराठी, गुजराती आदी भाषांकडे पाठ फिरविली नाही. विद्यार्थ्याने इंग्रजी ज्ञानाचे दार उघडावे, परंतु घरची भाषा टाकू नये, असा त्यांचा कल होता.

परंतु विल्सन हे केवळ शिक्षक नव्हते. त्यांना आपला धर्म पटवून द्यायचा होता आणि तो हेतू त्यांनी कधी लपविला नाही. १८३१ साली मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर धर्मवाद झाला. दांडेकरांनी 'हिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक लिहिले. विल्सन यांनी त्यास पुस्तकानेच उत्तर दिले. १८३० साली त्यांनी सुरू केलेल्या 'ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर' या मासिकातही वादाला वाण नव्हती. त्या लेखनातील काही भाषा आज वाचताना कठोर वाटते. दुसऱ्याच्या श्रद्धास्थानावर प्रहार केला म्हणजे आपले सत्य उजळून निघते, ही समजूत त्या काळी सर्वत्र रुजलेली होती. तिचे समर्थन आम्ही करणार नाही. मात्र एक गोष्ट नोंदविली पाहिजे. या वादांतूनच मराठी गद्याला युक्तिवादाचे वळण लागले. ग्रंथाला ग्रंथाने आणि व्याख्यानाला व्याख्यानाने उत्तर देण्याची सवय महाराष्ट्राला लागली, ती पुढे अनेक क्षेत्रांत उपयोगी पडली.

खरे वादळ उठले ते १८३९ साली. त्या वर्षीच्या मे महिन्यात विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाजात हलकल्लोळ झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तरुणांना आपला मार्ग निवडण्याची मोकळीक न्यायालयाने दिली. निकाल विल्सन यांच्या बाजूने लागला, पण शाळा मात्र ओस पडली. पालकांनी मुले भराभर काढून नेली. १८४३ साली श्रीपाद शेषाद्री या ब्राह्मण मुलाच्या प्रकरणात पुन्हा तसाच क्षोभ झाला. त्याचे थोरले बंधू नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. हेच नारायण शेषाद्री पुढे जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविणारे रेव्हरंड म्हणून प्रसिद्धीस आले.

या घटनांकडे आज दोन बाजूंनी पाहावे लागते. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य हे माणसाचे मूलभूत स्वातंत्र्य आहे, ही आमच्या ख्रिस्तसभेचीही शिकवण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनाम्यात ती निःसंदिग्ध शब्दांत मांडली. त्या तरुणांना आपला निर्णय घेण्याचा अधिकार होता, यात शंका नाही. पण ज्या आईबापांनी शिकण्यासाठी मुलगा पाठविला आणि जे त्याला घरातून गमावून बसले, त्यांचे दुःखही खोटे नव्हते. ख्रिस्ती शाळेत मूल घालताना काही बिगरख्रिस्ती पालकांच्या मनात आजही जी शंका डोकावते, तिचे एक मूळ या काळात आहे. ही शंका रागावून जात नाही. ती केवळ दीर्घकाळच्या निर्व्याज सेवेनेच जाते आणि विल्सन यांचे पुढील आयुष्य हे त्याचेच उदाहरण आहे.

दगडांची भाषा वाचणारा

शाळा रिकामी झाली म्हणून विल्सन खचले नाहीत. त्यांच्या ज्ञानोपासनेचा पसारा विलक्षण होता. १८३५ साली गुजरातेतील गिरनारच्या पायथ्याशी असलेला प्राचीन शिलालेख त्यांनी पाहिला. त्यातील अक्षरे अलाहाबादच्या स्तंभावरील अक्षरांसारखीच आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांच्या प्रयत्नाने त्या लेखाचे ठसे कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेले. प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली आणि गिरनारच्या लेखात ग्रीक राजांची नावे सापडल्यामुळे सम्राट अशोकाचा काळ निश्चित करण्यास आधार मिळाला. ज्या अशोकाचे चक्र आज आपल्या राष्ट्रध्वजावर आहे, त्याचा शब्द पुन्हा ऐकू येण्यात एका स्कॉटिश मिशनऱ्याचाही वाटा होता.

१८३५ सालीच ते रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्ष झाले. १८४३ मध्ये पारशी धर्मावरील त्यांचा मोठा ग्रंथ निघाला आणि १८४५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले. पश्चिम हिंदुस्थानातील लेण्यांच्या पाहणीसाठी १८४८ मध्ये जी समिती झाली, तिचे अध्यक्षपद विल्सन यांच्याकडे होते. १८५० साली त्यांनी या लेण्यांविषयी विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यांत आमच्या शेजारच्या कार्ल्याच्या लेण्याचाही समावेश होता. पिंपरी किंवा चिंचवडहून लोणावळ्याची लोकल धरली की मळवलीला उतरून जेथे आपण सहलीला जातो, ते हे लेणे. त्या वेळी ही लेणी म्हणजे 'पांडवांनी एका रात्रीत कोरलेली' अशी लोकसमजूत होती. ती बौद्ध भिक्षूंची वसतिस्थाने व चैत्यगृहे आहेत, त्यांचे जतन झाले पाहिजे, हे पद्धतशीरपणे सांगणाऱ्यांत विल्सन होते.

मराठीवरील त्यांचे ऋण तर प्रत्यक्ष कोशातच जडलेले आहे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तिच्या आरंभी मराठी भाषेची घटकतत्त्वे, तिचा प्रसार आणि उपयोग यांविषयी टिपणे आहेत. ती विल्सन यांची. ज्या कोशावाचून मराठीच्या अभ्यासकाचे आजही भागत नाही, त्याचे दार उघडताच हे स्कॉटिश गृहस्थ आपल्याला भेटतात.

विद्यापीठाचे धुरीण

१८५७ हे वर्ष मोठे विलक्षण. एकीकडे उत्तरेत उठावाचा वणवा पेटला होता आणि त्याच जुलैत मुंबई विद्यापीठाचा कायदा संमत होत होता. आरंभीच्या काळापासून विल्सन या विद्यापीठाच्या कार्यात गुंतले होते आणि अनेक भाषांचे परीक्षक म्हणून त्यांनी काम केले.

त्या काळचे विद्यापीठ म्हणजे आजच्यासारखे वर्ग, वसतिगृहे आणि विभाग असलेली संस्था नव्हती. विद्यापीठ केवळ अभ्यासक्रम ठरवी, परीक्षा घेई आणि पदव्या देई. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे. मुंबईचा गव्हर्नर पदसिद्ध कुलपती असे आणि प्रत्यक्ष कारभाराची धुरा कुलगुरूंच्या खांद्यावर येई. १८६२ साली पहिले चार बी.ए. बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चार नावांवरूनच त्या परीक्षेची प्रत कळते.

विल्सन यांच्या आधी सर अलेक्झांडर ग्रँट कुलगुरू होते. १८६८ मध्ये ते एडिंबरो विद्यापीठाचे प्रमुख होऊन गेले आणि त्यांच्या जागी मुंबईत विल्सन आले. योग असा की, ज्या एडिंबरोत लॉडरचा चौदा वर्षांचा मुलगा शिकायला गेला होता, तेथे मुंबईचा कुलगुरू गेला. आणि त्या मुलाने मुंबईचे कुलगुरुपद सांभाळले.

आमच्या परिसरातील वाचकांना आणखी एक धागा येथे सापडेल. हे ग्रँट आमच्या देहूच्या तुकोबांचे चाहते होते. १८६७ साली त्यांनी इंग्रजी नियतकालिकात तुकारामांवर लेख लिहिला. शिक्षणखात्याचे संचालक असताना गाथेच्या प्रकाशनाला सरकारने चोवीस हजार रुपयांचे साहाय्य द्यावे, यासाठी त्यांनीच पुढाकार घेतला आणि शंकर पांडुरंग पंडित व विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी संपादिलेली गाथा १८६९ पासून छापून निघू लागली. विल्सन यांचे सहकारी डॉ. जे. मरे मिचेल यांनी तर त्यापूर्वीच, १८४९ मध्ये, एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात तुकारामांची कथा इंग्रजीत आणली होती. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले आणि विसाव्या शतकात फादर गी दल्युरी या येशूसंघीयाने तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले. इंद्रायणीकाठच्या या संताने किती निरनिराळ्या पंथांच्या ख्रिस्ती माणसांना जवळ केले, हे पाहून आश्चर्य वाटते. इंद्रायणीच्या खोऱ्यात राहणाऱ्या आम्हांला मात्र याची फारशी वार्ता नसते.

विल्सन यांच्या कारकिर्दीत विद्यापीठाला स्वतःच्या वास्तू मिळू लागल्या. कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभ्या राहणाऱ्या पदवीदान सभागृहाची कोनशिला १८६८ च्या अखेरीस बसली. ग्रंथालय आणि राजाबाई मनोऱ्याच्या बांधकामास १८६९ मध्ये आरंभ झाला. ती देणगी प्रेमचंद रायचंद यांची. एक पारशी, एक जैन आणि कुलगुरुपदी एक प्रेस्बिटेरियन पाद्री! तीस वर्षांपूर्वी ज्याच्या शाळेतून पारशी मुले काढून नेली होती, त्याच्याच कुलगुरुपदाच्या काळात पारशी दात्याच्या पैशाने विद्यापीठाचे सभागृह उभे राहू लागले. काळाने किती मोठी जखम भरून आणली होती!

कॅथलिकांच्या दृष्टीने तर १८६९ हे वर्ष फारच महत्त्वाचे. त्या वर्षी जर्मन येशूसंघीयांनी मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजची स्थापना केली आणि ते मुंबई विद्यापीठाच्या परिवारात दाखल झाले. दोनच वर्षांपूर्वी, १८६७ मध्ये, पुण्यात सेंट व्हिन्सेंट्स शाळा सुरू झाली होती. त्या काळी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात मैत्री नव्हती. उभयपक्षी कडवट लेखन होत असे आणि एकाने दुसऱ्याच्या प्रार्थनामंदिराची पायरी चढणे कल्पनेपलीकडचे होते. अशा काळात एकाच विद्यापीठाच्या नियमांखाली प्रेस्बिटेरियनांचे कॉलेज आणि येशूसंघीयांचे कॉलेज नांदू लागले. दोन्हीकडच्या मुलांना प्रश्नपत्रिका एकच, मोजमाप एकच. ख्रिस्ती ऐक्याचा हुकूमनामा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेतून १९६४ साली निघाला. परंतु त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी विद्यापीठाने आम्हांला एका बाकावर बसविले होते.

तथापि या चित्राला एक उणी बाजूही आहे. १८६० च्या दशकातच विद्यापीठाने पदवीच्या अभ्यासक्रमात संस्कृत, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना स्थान दिले आणि मराठी, गुजराती या लोकभाषांना बाहेर ठेवले. मराठीचा जाणता पंडित कुलगुरू असलेल्या विद्यापीठात मराठीलाच पदवीचे दार बंद असावे, हा केवढा विरोधाभास! ते दार किलकिले करण्यासाठी न्यायमूर्ती रानडे यांना आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत झगडावे लागले आणि १९०१ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, एम.ए.च्या परीक्षेत देशी भाषांना प्रवेश मिळाला.

विरोधकांनी केलेला सन्मान

फेब्रुवारी १८६९ मध्ये विल्सन यांच्या मुंबईतील वास्तव्याला चाळीस वर्षे झाली. त्यानिमित्त सर्व जातिधर्मांच्या नागरिकांनी एकत्र येऊन त्यांचा सत्कार केला आणि एकवीस हजार रुपयांची थैली अर्पण केली. ज्यांच्या धर्मांवर त्यांनी टीका केली, ज्यांच्याशी जाहीर वाद घातले, त्या समाजांतील माणसेही देणगीदारांत होती. आपल्या टीकाकाराचा असा सन्मान करणाऱ्या मुंबईकरांचे मन केवढे मोठे, हे प्रथम म्हटले पाहिजे.

त्या पैशाचे विल्सन यांनी काय केले? त्यांनी हयातीपुरते केवळ व्याज स्वीकारले आणि आपल्या पश्चात ही रक्कम विद्यापीठात भाषाशास्त्राच्या व्याख्यानांसाठी लागावी, अशी व्यवस्था केली. त्यातूनच विद्यापीठाची 'विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने' सुरू झाली. त्यांतील पहिली व्याख्यानमाला १८७७ साली कोणी गुंफली? पहिल्या चार पदवीधरांपैकी एक असलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी. संस्कृतपासून प्राकृत आणि प्राकृतापासून मराठीसारख्या भाषा कशा घडल्या, हे त्यांनी त्या व्याख्यानांत उलगडले. म्हणजे पदवीच्या वर्गातून बाहेर ठेवलेली मराठी विल्सन यांच्या निधीमुळे विद्यापीठाच्या व्यासपीठावर अभ्यासविषय म्हणून आली. भांडारकर स्वतः १८९३ साली त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

विल्सन यांच्या छत्राखाली केवळ पदवीधरच घडले असे नाही. आफ्रिकेत गुलामगिरीतून सुटलेली काही मुले त्यांच्याकडे आश्रयास होती. डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश प्रवाशाने मुंबईस येऊन चुमा नावाचा मुलगा त्यांच्या हवाली केला होता. १८६५ साली त्याचा बाप्तिस्मा मुंबईत झाला. पुढे लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावले, तेव्हा त्यांचा देह शेकडो कोस वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या विश्वासू माणसांच्या अग्रभागी हाच चुमा होता.

१८७० साली स्कॉटलंडच्या फ्री चर्चने विल्सन यांना आपल्या सर्वसाधारण सभेचे अध्यक्षपद दिले. मायदेशात हा परमोच्च मान मिळाल्यावर तेथेच विसावणे त्यांना सहज शक्य होते. वय पासष्ट उलटलेले, दुसरी पत्नी इसाबेला १८६७ मध्येच निवर्तलेली. पण ते मुंबईला परत आले. १ डिसेंबर १८७५ रोजी मलबार टेकडीवरील आपल्या घरी त्यांनी देह ठेवला. एकाहत्तरावा वाढदिवस दहा दिवसांवर आला होता.

आम्ही काय घ्यावे?

विल्सन यांच्या मागे त्यांचे महाविद्यालय राहिले. ग्लासगोहून आलेले डॉ. ड्युगल्ड मॅकिकन यांनी ते दीर्घकाळ सांभाळले आणि तेही मुंबई विद्यापीठाचे दोनदा कुलगुरू झाले. याच विल्सन कॉलेजात शिकलेले पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिला, १९४७ साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद स्वीकारले आणि १९६३ मध्ये 'भारतरत्न' हा किताब मिळविला. मिशनऱ्याच्या महाविद्यालयातून हिंदू धर्मशास्त्राचा सर्वश्रेष्ठ इतिहासकार निघावा, यात काही विसंगत नाही. शाळा खऱ्या अर्थाने शाळा असेल, तर ती विद्यार्थ्याला स्वतःच्या मुळांकडेही अधिक डोळसपणे पाहायला शिकविते.

पुण्यातही या स्कॉटिश मिशनची शाळा होती. जोतीराव फुले तेथे शिकले. त्यांच्याबरोबर सावित्रीबाईंनी पुढे जे केले ते सर्वश्रुत आहे आणि पुणे विद्यापीठाला २०१४ साली सावित्रीबाईंचेच नाव देण्यात आले. आमच्या पिंपरी-चिंचवडच्या मुलामुलींच्या पदवीपत्रावर ते नाव झळकते. लॉडरची धर्मग्रामातली शाळा, मार्गारेटबाईंच्या मुलींच्या शाळा, पुण्यातील स्कॉटिश मिशनची शाळा आणि आजचे हे पदवीपत्र या एकाच माळेतील मण्यांसारख्या गोष्टी आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आज आमच्या घरांत शिक्षणाची चर्चा होते ती बहुधा प्रवेश, शुल्क आणि चाकणच्या कंपनीतील नोकरी एवढ्यापुरतीच. पोटाचा प्रश्न क्षुल्लक नाही. कामगारांच्या वस्तीत त्याचे महत्त्व कोणी सांगावे लागत नाही. परंतु विल्सन यांचे जीवन आम्हांला आणखी तीन गोष्टी विचारते. जेथे आपण राहतो तेथील भाषा आपण मनापासून शिकलो काय? आमच्यातील कित्येक घरांत दोन पिढ्या या मातीत जाऊनही मराठी परकीच राहिली आहे. आपल्या श्रद्धेवर ठाम राहून दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदराने अभ्यास करण्याची आपली तयारी आहे काय? विल्सन यांनी पारशांचे, हिंदूंचे, बौद्धांचे ग्रंथ वाचले. त्यांच्या टीकेचा सूर आम्ही उचलू नये. परंतु त्यांची मेहनत अवश्य उचलावी. आणि समाजाने आपल्याला जे दिले त्यातील भांडवल पुढच्या पिढीसाठी राखून ठेवावे, असे आपल्याला कधी वाटते काय?

विल्सन यांना आम्ही संत म्हणणार नाही. तसे म्हणणे त्यांच्या पंथालाही रुचणार नाही. ते आपल्या काळाचे, मतांचा आग्रह धरणारे गृहस्थ होते. पण ज्या गावी ते धर्म सांगायला आले, त्या गावचे ते होऊन राहिले. बी पेरणाऱ्याचा दाखला प्रभू येशूने आपल्याला दिला आहे. काही बी वाटेवर पडते, काही खडकाळीत, काही काटेरी झुडपांत आणि काही चांगल्या जमिनीत. आपले कोणते बी कोठे पडले आणि कोणते तीस, साठ, शंभर पटीने उगवले, हे पेरणाऱ्याला हयातीत कळत नाही. विल्सन यांनी धर्मांतराच्या आशेने शाळा काढली. त्यांच्या मागे तीतून विद्यापीठाला बळ आले, मराठीच्या अभ्यासाला अधिष्ठान मिळाले आणि हजारो घरांत ज्ञानाचा दिवा लागला. त्या पिकाचे वाटेकरी आम्हीही आहोत. वाटेकऱ्याने पेरणाऱ्याचे नाव तरी ठाऊक करून घ्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.